ईजीआर व्हॉल्व्ह बदलूनही पी०४०१ परत येतो तेव्हा

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर पी०४०१ हा दोषाचा कोड दाखवतो, गॅरेजमध्ये ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन) व्हॉल्व्ह काढून साफ केला जातो आणि कोड उडवला जातो. तीन-चार महिन्यांनी दिवा पुन्हा पेटतो. मग नवा व्हॉल्व्ह बसतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर तोच कोड हजर. हे चक्र ज्यांच्या गाडीला लागले आहे त्यांच्यासाठी हे टिपण आहे. इथली माहिती बीएस-४ काळातल्या चार सिलिंडरच्या कॉमन रेल टर्बो डिझेल गाड्या धरून दिली आहे. आकडे १२४८ सीसीच्या १.३ लिटर इंजिनाचे घेतले आहेत, कारण स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत हेच इंजिन वेगवेगळ्या नावांनी आले आणि आपल्याकडे ते अजून भरपूर चालते.

कोड नेमके काय म्हणतो

पी०४०१चा अर्थ ‘ईजीआरचा प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी’ एवढाच आहे. त्यात व्हॉल्व्ह खराब आहे असे कुठेही म्हटलेले नाही. आणि हा प्रवाह ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) मोजतो कसा, हे कळल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही, म्हणून इथे थोडे थांबू.

जळून बाहेर निघालेल्या वायूचा काही भाग ईजीआर पुन्हा इनटेकमध्ये सोडतो. त्या वायूत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे ज्वलनाचे कमाल तापमान खाली येते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. बीएस-४ डिझेल कारला त्यांची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ०.०८ वर आली. डिझेल इंजिनात आयडलला आणि हलक्या लोडवर व्हॉल्व्ह उघडा असतो. एक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो बंद होतो, कारण तेव्हा सगळी ताजी हवा लागते.

बहुतेक गाड्यांत परत येणारा वायू थेट मोजणारा सेन्सर नसतो. ईसीयू वजाबाकी करतो. १२४८ सीसीच्या इंजिनात एका सिलिंडरला ३१२ सीसी येतात. समुद्रसपाटीला लिटरभर हवेचे वजन साधारण १.२ ग्रॅम. सिलिंडर पूर्ण भरत नाही, हे धरले तर ईजीआर बंद असताना दर स्ट्रोकला ३२० ते ३४० मिलिग्रॅम ताजी हवा आत जाते. ईजीआर उघडला की काही जागा जळका वायू घेतो आणि ताजी हवा २००-२५० पर्यंत उतरते. ही घट एअर फ्लो सेन्सर दाखवतो. आयडल ८५० आरपीएम धरले तर चारही सिलिंडर मिळून हवा ओढणारे सेकंदाला २८ स्ट्रोक होतात, म्हणजे स्कॅनरवर ईजीआर बंद असताना ९ ते ९.५ ग्रॅम प्रति सेकंद आणि उघडा असताना ६ ते ७. गाडीगणिक आकडा थोडा हलेल, पण उघड-बंद करताना फरक दिसलाच पाहिजे.

ही वजाबाकी चुकवणारी कुठलीही गोष्ट ईजीआरचा कोड आणू शकते. इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) होज फाटला असेल तर बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, मोजलेली हवा बाहेर निसटते. सेन्सरने मोजली जास्त, इंजिनात गेली कमी. ईसीयूचा समज होतो की ताजी हवा फार येते आहे, म्हणजे ईजीआर कमी आहे. तोच डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने टाकतो, म्हणून काळा धूर. व्हॉल्व्ह ठणठणीत, कोड पी०४०१, धूर काळा, आणि नव्या व्हॉल्व्हचा खर्च वाया. वारंवार येणाऱ्या पी०४०१ मागे हा फाटका होज अनेकदा निघतो.

एअर फ्लो सेन्सरवर धूळ बसली की उलटे होते. तो हवा कमी मोजतो, ईसीयूला ईजीआर जास्त वाटतो आणि तो व्हॉल्व्ह आवळत जातो. गाडीचा पिकअप मरतो, पी०४०२ (ईजीआरचा प्रवाह जास्त) किंवा पी०१०१ (एअर फ्लो सेन्सरची मोजणी चुकीची) येऊ शकतो. पी०४०३ हा व्हॉल्व्हच्या वायरिंगचा किंवा कॉइलचा कोड आहे. पी०४०४ म्हणजे सांगितलेल्या जागेवर व्हॉल्व्ह गेला नाही. पी०४०५ आणि पी०४०६ पोझिशन सेन्सरचा सिग्नल अनुक्रमे फार कमी आणि फार जास्त असल्याचे सांगतात. या शेवटच्या चारांत व्हॉल्व्हवर संशय घेणे रास्त आहे. पी०४०१ आणि पी०४०२ मध्ये घाई नको.

कोड उडवण्याआधी

कोडसोबत ईसीयू त्या क्षणाची नोंद ठेवतो: आरपीएम, लोड, वेग, कूलंटचे तापमान. स्कॅनरमध्ये ती ‘फ्रीझ फ्रेम’ नावाने मिळते. कोड उडवला की तीही जाते, आणि गॅरेजमध्ये पहिले काम कोड उडवण्याचेच होते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. २००० आरपीएमला चढावर, लोड जास्त असताना कोड आला असेल तर आधी होजकडे बघा. आयडलला, गरम इंजिनावर आला असेल तर व्हॉल्व्ह, ईजीआर कूलर (परत येणारा वायू कूलंटने थंड करणारा) आणि वायूच्या वाटेकडे. कूलंटचे तापमान ६०-६५ दिसत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप). त्यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

लक्षणांचाही उपयोग होतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर आयडल डळमळतो, सिग्नलला गाडी बंद पडते, खालच्या गिअरमध्ये झटके बसतात आणि काळा धूर येतो. बंद अडकलेला व्हॉल्व्ह चालवताना फारसा जाणवत नाही. आयडलला डिझेलची टकटक थोडी कडक होते, दिवा लागतो, बाकी गाडी उलट हलकी वाटते. म्हणूनच अनेक जण तसेच चालवत राहतात.

दहा मिनिटांची चाचणी

इंजिन गरम करा, कूलंट किमान ८० अंश. एसी बंद, हेडलाइट बंद. चांगल्या स्कॅनरमध्ये ॲक्टिव्ह टेस्ट असते, म्हणजे स्कॅनरवरूनच व्हॉल्व्ह हलवता येतो. तीत ईजीआर ० टक्क्यांवरून ५० टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने उघडा आणि तीन आकडे एकत्र बघा: दिलेला आदेश, व्हॉल्व्हची प्रत्यक्ष जागा आणि एअर फ्लो.

जागा आदेशामागोमाग हलली आणि एअर फ्लो ९ वरून ६ कडे आला तर व्हॉल्व्ह आणि वाट दोन्ही ठीक आहेत. दोष मोजणीत आहे: होज, एअर फ्लो सेन्सर, एअर फिल्टर. जागा हलली पण एअर फ्लो जागचा हलला नाही तर वाट बुजली आहे: कूलर, पाइप किंवा इनटेक मॅनिफोल्डचे तोंड. जागाच हलली नाही तर व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा वीज पोचत नाही. आदेश शून्य असताना एअर फ्लो आधीच ६ च्या आसपास असेल आणि इंजिन थरथरत असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

ॲक्टिव्ह टेस्ट नसेल तर ब्लूटूथच्या छोट्या ओबीडी ॲडॅप्टरवरही बरेच दिसते. कमांडेड ईजीआर आणि ईजीआर एरर हे दोन आकडे लावा. एरर उणे असेल तर सांगितले त्यापेक्षा कमी उघडतो आहे. उणे १०० म्हणजे उघडतच नाही. एक गोष्ट इथे अनेकांना चकवते. आदेश शून्य असताना एररची टक्केवारी निघूच शकत नाही, म्हणून प्रत्यक्ष जागा शून्यापासून जराशी जरी ढळलेली असली तरी ॲप ९९.२ टक्के दाखवते. तो आकडा बघून व्हॉल्व्ह बदलू नका. आदेश १० टक्क्यांच्या वर असतानाचाच एरर धरा.

त्याच बैठकीत आणखी एक तपासणी करून घ्या. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि मॅप सेन्सरचा (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) आकडा वाचा. तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका हवा: मुंबईत किंवा कोकणपट्टीत १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या जवळ, महाबळेश्वरला ८६-८७. पुण्यात उभी गाडी १०२ दाखवत असेल तर तो सेन्सर खोटे बोलतो आहे. याच कारणाने मुंबईच्या गाडीचे एअर फ्लोचे आकडे पुण्यातल्या गाडीशी जुळवू नका. पुण्यात ते सहा टक्क्यांनी कमीच येणार.

व्हॉल्व्हला हात लावण्याआधी

टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इनटेकपर्यंतचा प्रत्येक जोड हाताने चाचपा. जोडाभोवती ओलसर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ ही गळतीची खूण. होजची चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते आणि इंजिन बंद असताना मिटलेली असते, म्हणून होज वाकवून बघा. स्मोक टेस्टर नसेल तर एअर फिल्टरच्या बाजूने तोंड बंद करून अर्धा बार दाब द्या आणि जोडांवर साबणाचे पाणी टाका. त्याहून जास्त दाब देऊ नका, टर्बोच्या सीलला आणि क्रँककेसला तो सोसत नाही.

एअर फ्लो सेन्सर साफ करायचा तर त्याच कामासाठी मिळणारा स्प्रे वापरा. कापूस, ब्रश, कार्ब क्लीनर यांतले काहीही त्या बारीक घटकाला लावू नका. स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटे वाळू द्या. एअर फिल्टर बसवताना कडा नीट बसली नसेल तर धूळ थेट सेन्सरवर जाते. दर सर्व्हिसनंतर महिन्याभरात पिकअप कमी होत असेल तर इथेच बघा.

मग थर्मोस्टॅट. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडे खोल रुजलेली आहे, आणि डिझेलच्या ईजीआरला याहून वाईट काही नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला हवा. तो काढला किंवा उघडा अडकला की कूलंट ६०-६५ वरच राहते. थंड कूलरच्या भिंतीवर धुरातली काजळी आणि न जळलेले हायड्रोकार्बन जास्त बसतात, आणि तो थर कोरडा न राहता डांबरासारखा चिकट होतो. ईजीआर एकदा बदलून, दोनदा साफ करूनही टिकत नसेल तर वीस मिनिटे गाडी चालवून कूलंटचे तापमान वाचा. ७५ च्या वर जात नसेल तर आधी थर्मोस्टॅट बसवा. गाडी खरोखर गरम होत असेल तर त्याचे कारण रेडिएटरमध्ये, फॅनमध्ये किंवा वॉटर पंपमध्ये शोधावे लागेल.

वायरिंग

इलेक्ट्रिक व्हॉल्व्हला बहुधा पाच पिना असतात: दोन मोटरच्या किंवा कॉइलच्या, तीन पोझिशन सेन्सरच्या. प्लग काढून, चावी ऑन करून गाडीच्या बाजूला मोजा. तिघांपैकी एकीवर ५ व्होल्ट आणि एकीवर अर्थ मिळायला हवा. प्लग जोडून मागून सिग्नलची पिन मोजली तर बंद अवस्थेत साधारण अर्धा ते सव्वा व्होल्ट, आणि उघडत गेला की व्होल्टेज सलग बदलत जाते. मध्येच उडी मारत असेल तर सेन्सरचा ट्रॅक झिजला आहे. ५ व्होल्टच्या वायरवर टेस्ट लॅम्प लावू नका. तीच वायर इतर सेन्सरनाही जाते.

कॉइलचा रेझिस्टन्स गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी जुळवा, आणि गरम असतानाही मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ३० अंशांना ८ ओहम असलेली कॉइल ११० अंशांना साडेदहा ओहमच्या आसपास दाखवणारच. तो दोष नव्हे. गरम झाल्यावर रीडिंग एकदम तुटले तर तो दोष.

पी०४०३ असेल तर प्लग काढून, कोड उडवून पुन्हा वाचा. कोड ‘शॉर्ट’वरून ‘ओपन सर्किट’वर बदलला तर वायरिंग चांगले आहे आणि शॉर्ट व्हॉल्व्हमध्ये आहे. प्लग काढूनही शॉर्टच दाखवत असेल तर वायर कुठेतरी घासली आहे. पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवा थर चढतो, आणि उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. कोकणात गावच्या घरी महिनाभर उभी राहिलेल्या गाडीत हे दोन्ही आधी बघावे.

काढणे आणि साफ करणे

इथपर्यंत येऊन व्हॉल्व्हच दोषी ठरला तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चावी काढून दहा मिनिटे थांबा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. व्हॉल्व्ह सापडत नसेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून निघणाऱ्या जाड धातूच्या पाइपच्या मागे जा. ८, १० आणि १३ चे सॉकेट, टॉर्क्स बिट, लांब एक्स्टेन्शन आणि टॉर्क रेंच लागेल. एक्झॉस्टच्या बाजूचे बोल्ट उष्णतेने जाम झालेले असतात; आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि सकाळी पुन्हा मारा. बोल्ट फिरत नसेल तर आधी किंचित आवळून मग सोडा. हेडमध्ये बोल्ट तुटला की तासाभराचे काम दोन दिवसांचे होते.

व्हॉल्व्हला कूलंटच्या नळ्या असतील किंवा कूलर सोबत निघत असेल तर आधी कूलंट काढून घ्या. नळ्यांची जागा मार्करने खुणवा.

कार्बनचे स्वरूप बघा, त्यावरून पुष्कळ कळते. कोरडी, भुकटीसारखी काजळी म्हणजे नेहमीचा जमाव. ओला, चकचकीत, डांबरासारखा थर म्हणजे तेलाची वाफ येते आहे किंवा इंजिन थंड चालते आहे. पांढरट पापुद्रे किंवा गोडसर वास म्हणजे कूलंट.

साफ करताना व्हॉल्व्हचे तोंड खाली ठेवा. वर ठेवले तर विरघळलेला कार्बन दांड्यावरून मोटरमध्ये उतरतो आणि आठवडाभरात व्हॉल्व्ह मरतो. कार्ब क्लीनर, लाकडी काडी आणि पितळी ब्रश पुरे. अख्खा व्हॉल्व्ह डिझेलमध्ये बुडवून ठेवू नका, फक्त तोंडाचा भाग भिजवा. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, तो लांबच ठेवा. कॉइलवाला सरळ व्हॉल्व्ह अंगठ्याने दाबून हलवता येतो. मोटर आणि गिअरवाला मात्र स्क्रूड्रायव्हरने जबरदस्तीने उघडू नका. आतल्या प्लास्टिक गिअरचे दात तुटतात. त्याला स्कॅनरनेच चालवा.

साफ झाल्यावर तोंड वर करून त्यात थोडे डिझेल ओता. मिनिटभरात ते दुसऱ्या बाजूने उतरले तर बैठक (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती जागा) खराब झाली आहे आणि कितीही साफ केले तरी आयडलचा त्रास जाणार नाही. बैठक झिजली असेल, दांडा हलत असेल, पोझिशन सिग्नल उड्या मारत असेल किंवा कॉइल तुटली असेल तर बदलण्याला पर्याय नाही. निव्वळ कार्बनने अडकलेला व्हॉल्व्ह साफ करून चालतो.

नवा बसवणे

पार्ट नंबर जुन्या व्हॉल्व्हच्या अंगावरून घ्या. गाडीचे मॉडेल आणि साल सांगून घेतलेला व्हॉल्व्ह बोल्टला बसतो, पण पोझिशन सेन्सरचे व्होल्टेज वेगळे निघाले की पी०४०४ लागलीच येतो. बाजारात मिळणाऱ्या डुप्लिकेटची अडचणही हीच: पहिल्या दिवशी चालतो, गरम झाल्यावर चुकतो.

गॅस्केट बसते ते दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि पडलेले तुकडे व्हॅक्यूमने ओढून घ्या. कार्बनचा मोठा खडा सिलिंडरमध्ये गेला तर नुकसान मोठे होते. गॅस्केट नेहमी नवे. एक्झॉस्टच्या बाजूला सिलिकॉन लावू नका, ते जळते आणि गळती सुरू होते. मॅन्युअल हाताशी नसेल तर ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या एम६ बोल्टना ८ ते १० न्यूटन मीटर आणि एम८ ना २० ते २५ पुरते. आधी सगळे बोल्ट हाताने लावा, मग समोरासमोरचे दोन-तीन टप्प्यांत आवळा.

कूलंट काढले असेल तर पाणी-कूलंट अर्धे-अर्धे मिसळून भरा, हवा काढा आणि थर्मोस्टॅट उघडून फॅन एकदा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवा. पातळी दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पुन्हा बघा.

यानंतरची एक पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. जुन्या व्हॉल्व्हची ‘पूर्ण बंद’ जागा ईसीयूने शिकून ठेवलेली असते. कार्बन बसत गेला तशी ती जागाही सरकलेली असते. नव्या व्हॉल्व्हला तोच हिशेब लावला तर तो थोडा उघडा राहतो किंवा लगेच कोड येतो. स्कॅनरमध्ये ईजीआर ॲडॅप्टेशन किंवा लर्न्ड व्हॅल्यू रीसेट असेल ते करा. साफ केलेला जुना व्हॉल्व्ह बसवला तरीही करा.

कूलर आणि मॅनिफोल्ड

चाचणीत वाट बुजल्याचे दिसले असेल तर नुसता व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही. कूलर काढून एका बाजूने पाणी ओता. ते धारेने जायला हवे. थेंब-थेंब जात असेल तर आतल्या नळ्या भरल्या आहेत. डिझेलमध्ये किंवा कार्बन विरघळवणाऱ्या द्रावणात रात्रभर ठेवून धुता येतो. नंतर कूलंटची तोंडे बंद करून एक बार हवा भरा आणि बादलीत बुडवा. बुडबुडे आले तर कूलर फेकून द्या. वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका.

बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत असेल, सकाळी सुरू करताना पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटच्या आधी हा कूलर तपासा. ही गळती हलक्यात घेण्यासारखी नाही. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना लागलेल्या आगींमागे ईजीआर कूलरमधून गळलेले ग्लायकोल आणि साठलेली काजळी हेच कारण निघाले, आणि कंपनीला तिथे आणि इतर देशांतही गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

इनटेक मॅनिफोल्डचे तोंड टॉर्चने बघा. भोक निम्म्यावर आले असेल तर मॅनिफोल्ड काढूनच साफ करावे लागेल. चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये क्लीनर फवारून ‘डीकार्ब’ करण्याचा मार्ग डिझेलला धोक्याचा आहे. डिझेल इंजिन इनटेकमधून आलेले कुठलेही ज्वलनशील द्रव्य जाळते. जास्त गेले की चावी बंद करूनही रेस चढत राहते.

काजळी येते कुठून

व्हॉल्व्ह, वाट, मोजणी, थर्मोस्टॅट सगळे नीट केले आणि तरीही १०-१५ हजार किलोमीटरमध्ये व्हॉल्व्ह पुन्हा भरला, तर इंजिन प्रमाणाबाहेर काजळी किंवा तेल सोडते आहे. स्कॅनरमध्ये चारही इंजेक्टरांचे करेक्शन (ईसीयू प्रत्येकाचे डिझेल किती कमी-जास्त करतो तो आकडा) बघा. तीन जवळपास आणि एकच फार वेगळा असेल तर तो तपासणीला द्या. इंटरकूलरच्या होजमध्ये तेलाची पातळ तेलकटी असणे नेहमीचे आहे, पण होज वाकवल्यावर तेल ओघळत असेल तर ब्रीदरचा (क्रँककेसची वाफ इनटेककडे नेणारी नळी) ऑइल सेपरेटर आणि टर्बो बघा. डिपस्टिकवर तेल मॅक्सच्या वर असेल तर तेवढ्यानेही इनटेकमध्ये तेलाची वाफ वाढते. सर्व्हिसमध्ये अर्धा लिटर जास्त ओतलेला फार वेळा आढळतो.

चालवण्याची पद्धतही इथे येते. रोज तीन-चार किलोमीटर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन गरम होण्याआधी बंद, अशा वापरात व्हॉल्व्ह लवकर भरणारच. आठवड्यातून एकदा गरम इंजिनावर वीस-पंचवीस मिनिटे २०००-२५०० आरपीएमला सलग चालवले तर एक्झॉस्ट तापते आणि ओला थर धरत नाही. आधीच घट्ट बसलेला कार्बन मात्र त्याने निघत नाही.

डमी लावण्याबद्दल

ईजीआरच्या तोंडाशी पत्र्याची डमी घालून ‘कायमचा इलाज’ करून देणारे पुष्कळ आहेत. तपासणीसाठी, पाच मिनिटे, आयडलचा त्रास जातो का हे बघायला ती ठीक आहे. कायम ठेवली तर नायट्रोजन ऑक्साइड अनेक पटींनी वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि डिझेलची पीयूसी फक्त धूर मोजते, म्हणून गाडी पास होते. शहरात श्वास घेणाऱ्यांना मात्र ते सोसावे लागतात. कायद्यानेही हे चालत नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या मानकांच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय एअर फ्लोची घट दिसत नसल्याने ईसीयू पी०४०१ देतच राहतो, मग तो दाबायला ईसीयूचा प्रोग्राम बदलावा लागतो, आणि त्यानंतर खरा दोष आला तरी दिवा लागत नाही. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी गाळणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ गाडीत हा उद्योग अजिबात करू नका.

दुरुस्ती टिकली का

कोड उडवून थंड इंजिनापासून सुरुवात करा. कूलंट ८० च्या वर गेल्यावर टॉप गिअरमध्ये ६०-७० च्या वेगाने पंधरा मिनिटे चालवा, मधे दोन-तीनदा एक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच गाडी घरंगळू द्या. परत येऊन पेंडिंग कोड वाचा. दिवा लागला नसला तरी दोष पेंडिंगमध्ये आधी दिसतो. मग आयडलला, गरम इंजिनावर, ईजीआर बंद आणि उघडा असतानाचे एअर फ्लोचे आकडे, कूलंटचे तापमान आणि किलोमीटर कागदावर लिहून गाडीच्या पुस्तकात ठेवा. १,००० आणि ५,००० किलोमीटरला तेच आकडे पुन्हा घ्या. उघड-बंदमधला फरक ३ ग्रॅमवरून २ वर, २ वरून १ वर येत असेल तर वाट पुन्हा बुजते आहे, आणि हे दिवा लागण्याच्या कितीतरी आधी कळते.